माथेरानची वेगळी खोली

दोस्तांनो, सहलीला गेल्यावर हॉटेलात तुम्ही कुठे झोपता? थांबा, मीच सांगते. आई-बाबा पलंगावर आणि तुम्ही खाली, वेटरने आणून टाकलेल्या जादा गादीवर! बाबा घोरत असतात. आई साडेनऊलाच दिवा घालवते. सकाळी एका बाथरूमसाठी चौघांची रांग लागते. आणि मग कधीतरी तुमच्यातलं मोठं भावंड म्हणतं, "आम्हाला वेगळी खोली का नाही घेत?"

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं ते २०२३च्या एप्रिलमध्ये. परीक्षा संपल्या होत्या आणि मे महिन्यात माथेरानला जायचं घाटत होतं. तेव्हा थोरली होती बारा वर्षांची आणि धाकटा आठचा. बाबा वही-पेन घेऊन हिशेबाला बसले. बऱ्याच हॉटेलांत बारा वर्षांच्या मुलाचे मोठ्या माणसाइतके पैसे धरतात, शिवाय गाद्यांचे वेगळे. बेरीज करून बाबा म्हणाले, "अरेच्चा! एवढ्यात तर जवळजवळ दुसरी साधी खोलीच येते की!"

झालं! थोरलीने उडीच मारली. "घ्या ना बाबा! मी आता मोठी झालेय."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हो, झालीस खरी."

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, कारण ते पुढे फार महागात पडलं.

मला वाटलं होतं, आजी आता "कशाला हवेत हे लाड!" म्हणणार. पण ती वेगळंच बोलली. लहानपणी ती आई-वडिलांबरोबर पंढरपूरला जायची, तेव्हा सगळे धर्मशाळेत उतरायचे. लांबच लांब ओसरीवर माणसं ओळीने झोपलेली, प्रत्येकाच्या उशाला आपापलं गाठोडं. मुलींना कपडे बदलायचे असले की दोन बायका लुगडं धरून आडोसा करायच्या. "आणि वारा आला की लुगडं उडायचं," आजी म्हणाली. "पोरगी खोली मागतेय ना, मग तिची चेष्टा करू नका."

कुणीच चेष्टा केली नाही. दोन खोल्या ठरल्या.

माथेरान तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या नेरळला उतरायचं आणि वर डोंगर चढायचा. उंची सुमारे ८०० मीटर. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून गेले आणि मग इंग्रजांची, मुंबईच्या धनिकांची तिथे ये-जा सुरू झाली. १९०७ साली नेरळहून वर छोटी आगगाडीही धावू लागली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. दोन रुळांमधलं अंतर किती, माहीत आहे? फक्त दोन फूट! म्हणजे तुमच्या शाळेच्या बाकापेक्षाही कमी.

त्या वेळी आम्हाला या गाडीची तिकिटं काही मिळाली नाहीत. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत निघालो. कारण दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी! लाल माती, दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मधूनच टापांचा आवाज करत जाणारा घोडा, आणि बॅगा डोक्यावर घेऊन झपझप पुढे गेलेले हमाल. हॉर्न नाही, पेट्रोलचा वास नाही. तासाभरात धाकट्याचे पांढरे मोजे विटकरी झाले. रस्त्यावर गाड्याच नाहीत म्हटल्यावर मुलांचा हात सोडायलाही काही वाटत नाही. दोघं पुढे पळत होती आणि मी मनात म्हणत होते, मुलांना पहिल्यांदा मोकळं सोडायचं तर याहून चांगली जागा नाही. आजही मला तसंच वाटतं. पण रस्ता सुरक्षित असणं वेगळं आणि रात्रीची खोली सुरक्षित असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

हॉटेलात मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं. थोरलीची समजूत अशी की आपल्या खोलीसाठी आपणच सही करायची. तिने पेनही हातात घेतलं होतं! पण तसं नसतं. आपल्या देशात माणूस कायद्याने सज्ञान होतो अठराव्या वर्षी, आणि हा कायदा आहे थेट १८७५ सालचा. त्यामुळे दोन्ही खोल्या बाबांच्या नावावर, ओळखपत्रही बाबांचं. खोलीत काही मोडलं तर जबाबदार बाबा आणि काही घडलं तरीही बाबाच. थोरलीचं तोंड एवढंसं झालं, पण किल्ली हातात पडताच पुन्हा खुललं.

एक अडचण मात्र निघाली. शेजारशेजारच्या खोल्या रिकाम्या नव्हत्या. आमची खोली वरच्या मजल्यावर आणि मुलांची अंगणापलीकडच्या बैठ्या इमारतीत. तिथे हिरव्या रंगाची आठ-दहा दारं ओळीने, सगळी एकसारखी. आम्ही दमलो होतो. "चालेल हो, समोरच तर आहे," असं म्हणून आम्ही बॅगा उचलल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मी मुलांना त्यांच्या खोलीत पोहोचवलं आणि सूचनांची फैर झाडली. दंगा करायचा नाही. फार वेळ टीव्ही बघायचा नाही. दात घासायचे. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही. सकाळी आठला तयार राहायचं. मग थोरलीने आतून वरची कडी लावली, तो आवाज ऐकला आणि मी निघून आले. कौतुकच वाटत होतं हो मला! आमची खोलीही किती शांत वाटत होती.

रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. माथेरानचा अंधार तुम्ही पाहिला नसेल तर तुम्हाला कळायचं नाही. झाडांमुळे आकाशही दिसत नाही. पंखा थांबल्याने धाकटा जागा झाला. पत्र्यावर कसलातरी आवाज झाला, बहुधा वाळकी फांदी पडली असावी. त्याने ताईला हाका मारल्या, हलवलं. पण आमची थोरली म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण! ती "हं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. खोलीतल्या फोनचा रिसीव्हर त्याने उचलला, तर फोन मुकाच. मग त्या पठ्ठ्याने काय करावं? चाचपडत स्टूल ओढलं, त्यावर चढून वरची कडी काढली आणि आईकडे जायला म्हणून अनवाणी बाहेर पडला. मागून वारा आला. दार धाडकन लागलं आणि बाहेरून न उघडणारं लॅच बसलं.

आता तो बाहेर, ताई आत आणि किल्लीही आत. त्याने दार वाजवलं. ताई उठेना. अंगण ओलांडून तो आमच्या इमारतीत आला, जिना चढला, पण आमच्या खोलीचा नंबर? तो त्याला कुणी सांगितलाच नव्हता! दिवसा त्याने "जिन्याच्या बाजूची" एवढंच पाहिलं होतं. अंधारात जिन्याची कुठली बाजू, हे कसं कळणार? त्याने एक दार वाजवलं.

दार उघडलं एका अनोळखी आजोबांनी.

पुढचं मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. आजोबांनी आधी दरडावून विचारलं, "कोण रे?" मग बॅटरीच्या उजेडात एवढासा मुलगा पाहून ते गडबडले. त्याला घेऊन खाली गेले, राखणदाराला उठवलं, रजिस्टर काढायला लावलं, बाबांच्या नावावरून खोली शोधली आणि दार ठोठावलं. मी दार उघडलं, तर समोर एक परका माणूस आणि त्याचा हात धरून उभा असलेला माझा मुलगा! त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं ते मला लिहिता येणार नाही. आजोबा भले होते. पण दार दुसऱ्या कुणाचं असतं तर? तुमच्या आईला विचारून बघा, तिच्याही मनात हाच प्रश्न येईल.

थोरलीला उठवायला आणखी दहा मिनिटं लागली. बाबा दार बडवत होते. शेवटी ती डोळे चोळत आली आणि बाबांनी सगळा राग तिच्यावर काढला. "एवढी मोठी झालीस आणि भावाकडे लक्ष नाही? बास! उद्यापासून आमच्या खोलीत गादीवर झोपायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही शार्लोट तलावाकडे गेलो. तलाव छान आहे, भोवती झाडी, काठावर बसायला जागा. पण आमच्यातलं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. धाकटा तेवढा माकडांपासून कणीस लपवत खात होता. मग थोरली एकदम म्हणाली, "बाबा, परवा तुम्ही म्हणालात मी मोठी झाले. काल रात्री म्हणालात लहान आहेस. मी एका रात्रीत लहान कशी झाले?"

बाबांना उत्तर सुचेना.

"आणि मला कुणी सांगितलं होतं, दार आपोआप लागतं म्हणून? फोन चालतो का ते कुणी बघितलं? तुमचा नंबर कुणी सांगितला? आईने तर फक्त टॉवेलचं सांगितलं."

खरं होतं हो ते! माझ्या सगळ्या सूचना वागण्याच्या होत्या. दाराबद्दल एकही नव्हती. मी मुलांना चांगलं वागायला सांगितलं होतं. अडचण आली तर काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. चूक आम्हा मोठ्यांची होती आणि ओरडा तिने खाल्ला होता. बाबांनी तिथेच तलावाकाठी तिची माफी मागितली. (आई-बाबांना माफी मागता येते, बरं का. जरा वेळ लागतो इतकंच.) उरलेले दोन दिवस मात्र सगळे एकाच खोलीत झोपलो. ते तिलाही पटलं.

घरी आल्यावर मी बऱ्याच जणांना विचारलं, की मुलांना वेगळी खोली कितव्या वर्षी द्यावी? कुणी म्हणे दहाव्या, कुणी पंधराव्या, कुणी म्हणे लग्नानंतर! हॉटेलांचेही नियम एकसारखे नाहीत. काही ठिकाणी प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस लागतंच, काही ठिकाणी शेजारची खोली मुलांना चालते. ते फोन करून आधी विचारावं लागतं. पण मला वाटतं, आकड्याचा प्रश्नच चुकीचा आहे. आम्ही थोरलीचं वय मोजत होतो. खरं तर त्या खोलीतलं सगळ्यांत लहान माणूस कोण आणि एकट्याने जाग आली तर त्याला काय काय करता येतं, हे बघायला हवं होतं. थोरली एकटी असती तर ती रात्र काहीही न घडता गेली असती. धाकट्याच्या बाजूने आम्ही कुणी विचारच केला नव्हता.

मग थोरलीनेच एक परीक्षा काढली. पेपर तिचा, विद्यार्थी तिचा भाऊ, आणि काही प्रश्न चक्क आमच्यासाठी! धाकट्याने डोळे बांधून घरच्या दाराची कडी आणि लॅच उघडून दाखवायचं. आई-बाबांचे मोबाइल नंबर पाठ म्हणायचे, तेही झोपेतून उठवल्यावर. एकदा रात्री बाबांनी मुद्दाम मेन स्विच बंद केला, तर धाकटा उशाखालची बॅटरी लावून शांतपणे उठून बसला आणि थोरली घोरतच होती! त्या दिवशी ती स्वतःच्या पेपरात नापास झाली. तिने मग शोधून काढलं की हाकांनी आपल्याला जाग येत नाही, पण तोंडावर गार पाण्याचा शिपका मारला तर येते. धाकट्याला हा भाग फार आवडला. मामाकडे गेल्यावर दोघं माडीवर वेगळी झोपली, एकदा नाही, चार वेळा.

आमच्यासाठी तिने लिहिलं होतं, 'रात्री दोघांपैकी एकाचा तरी मोबाइल आवाज चालू ठेवून उशाशी असेल का?' आणि 'मुलांनी रात्री मध्येच येऊन उठवलं तर ओरडणार का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी बाबा बराच वेळ थांबले. पालक मंडळी, तुम्हीही थांबून बघा. 'उगाच उठवलं' म्हणून ओरडा बसेल या भीतीने मुलं अंधारात बसून राहतात.

२०२४च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा माथेरानला गेलो. थोरली चौदाव्या वर्षात, धाकटा दहाव्या. या खेपेला नेरळहून छोट्या गाडीची तिकिटं मिळाली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, वळणावळणाने ती इतकी सावकाश चढते की बाहेरच्या फुलपाखरांना आपण मागे टाकतो की ती आपल्याला, तेच कळत नाही. पावसाळ्यात ही नेरळची गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी छोटी फेरी चालू राहते. तेव्हा तुम्ही जाणार असाल तर महिना बघून जा.

हॉटेल दुसरं होतं. फोनवरच विचारून घेतलं होतं की खोल्या एकाच मजल्यावर, लागून हव्यात. मोठ्या हॉटेलांत याहून बरी सोय असते, दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार असतं. पण "जवळच्या खोल्या" म्हटलं की कुणी लागून असलेल्या देतं, कुणी समोरच्या देतं, आणि आमच्यासारख्या भोळ्यांना अंगणापलीकडच्याही! त्यामुळे 'मधलं दार आहे का?' असं स्पष्टच विचारावं.

बॅगा ठेवल्याबरोबर मुलं कामाला लागली. फोन उचलून पाहिला, लागला. दार ओढून घेतल्यावर आपोआप बंद होतं का ते पाहिलं. होत होतं, म्हणून किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर टांगायची आणि तिच्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं. धाकटा बाहेरच्या बोळात जाऊन जिन्यापर्यंतची दारं मोजून आला. सहा. आग लागली, धूर झाला, तर दिसत नाही. मग भिंतीला हात लावून, खाली वाकून, सहा दारं मोजत जिन्याशी पोहोचायचं आणि लिफ्ट असली तरी वापरायची नाही, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. बाबांनी खिडक्या पाहिल्या, कारण माथेरानची माकडं फार हुशार. उघडी खिडकी दिसली की आत येऊन बिस्किटांचा पुडा घेऊन जातात. गॅलरीचा कठडाही हलवून पाहिला. तो हलता असता, किंवा हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरून रात्रभर धिंगाणा चालणार असता, तर आम्ही त्या दिवशीही एकाच खोलीत झोपलो असतो. तसं थोरलीला आधीच सांगून ठेवलं होतं. कुणाला दम्याचा त्रास असेल, झोपेत चालायची सवय असेल, तर तेही मोकळेपणाने बोलायला हवं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिलं दार उघडण्याचं. वेटर असो, सफाईवाले असोत, "बाबांनी पाठवलंय" म्हणणारं कुणी असो, दार उघडायचं नाही. आधी आमच्या खोलीत फोन करायचा. आणि आम्ही स्वतः आलो तर? तर एक गुपित शब्द! तो धाकट्याने निवडला. दोनदा सगळ्यांकडून म्हणवून घेतला.

रात्री दहाला त्यांच्या दाराची कडी लागली. तो आवाज या वेळीही मी ऐकला. खरं सांगू? त्यांची परीक्षा झाली होती, माझी व्हायची होती. अकराला मी उठून बोळात डोकावून आले. एकलाही. बाबा म्हणाले, "झोप आता. फोन आहे ना उशाशी?" तीनच्या पुढे कधीतरी मला डोळा लागला.

सकाळी सातला मी उठले, खाली जाऊन ट्रेमध्ये चहा, दूध आणि गरम बटाटेवडे घेतले आणि मुलांचं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून धाकट्याचा आवाज.

"मी आहे रे, आई. उघड."

"शब्द?"

शब्द! मला शब्द आठवेना. मी आठवून पाहिलं, दोन-तीन शब्द अंदाजाने सांगितले.

"चूक."

"अरे, माझा आवाज ओळखत नाहीस का? वडे गार होतायत!"

आत कुजबुज झाली. मग थोरलीचा आवाज आला, "आई, नियम म्हणजे नियम. तू खोलीत जा, आम्ही बाबांना फोन करून विचारतो तू तूच आहेस का."

मी ट्रे घेऊन बोळात उभी. शेजारच्या आमच्या खोलीत फोन वाजला. बाबांनी तो झोपेत उचलला आणि मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं, "कोण आई? कसली आई? मला काही माहीत नाही, झोपू द्या."